पंचावन्न फुटांचा संसार

शिडाच्या नौकेवरून चमूने केलेल्या लांबच्या सफरीत माणसाला वादळाइतकीच अपुरी झोप आणि अपुरी जागा छळते. भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली, जेमतेम ५५ फूट लांबीची नौका. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि सुमारे २१,६०० सागरी मैल कापून २१ मे २०१८ रोजी गोव्यात परतल्या. म्हणजे २५४ दिवस, आणि बंदरांतले मुक्काम सोडले तर सगळे त्याच सहा जणींच्या सोबतीने.

अशा सहवासाची थोडीफार कल्पना बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत पायी जाणाऱ्यांना असते. कोणाचे घोरणे, कोणाची घाई, कोणाचा हट्ट हे तिथेही सुटत नाही. पण दिंडीत रुसलेला माणूस चार पावले मागे राहून चालू शकतो आणि संध्याकाळी मुक्कामाचे गाव येते. नौकेवर मागे राहायला जागाच नसते.

नौका रात्री थांबत नाही, त्यामुळे चमूला पाळ्या लावून जागावे लागते. सहा जण असले तर सहसा दोघादोघांच्या तीन पाळ्या होतात. एक जोडी सुकाणू आणि शिडे सांभाळते, बाकीचे झोपतात. पण वारा फिरला की झोपलेल्यांनाही हाक येते. पुढची जोडी दहा मिनिटे उशिरा वर आली तर भिजून कुडकुडणाऱ्याला तो उशीर तासाभराचा वाटतो. बहुतेक भांडणांचे मूळ अशा दहा मिनिटांत असते.

वारा बाजूने लागला की नौका एका अंगावर कलते आणि कित्येक दिवस तशीच कललेली राहते. चालणे, कपडे बदलणे, शौचाला जाणे, सगळे आधार धरून करावे लागते. झोपलेला माणूस पडू नये म्हणून पथारीच्या कडेला कापडाचा आडोसा बांधतात. शेगडी झुलती असते, तरी कढई भरून काही शिजवणे धोक्याचेच. गोडे पाणी मोजून वापरायचे, त्यामुळे आंघोळ ही चैन ठरते.

‘तारिणी’ची सर्वांत खडतर मजल न्यूझीलंडच्या लिटलटनहून फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्लीपर्यंतची, सुमारे चाळीस दिवसांची. प्रशांत महासागराच्या दक्षिण भागात त्यांना मोठे वादळ लागले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. वादळात प्रत्येकाला काम असते, त्यामुळे कुरबुरीला वेळ उरत नाही. विषुववृत्ताजवळचा पडलेला वारा वेगळाच. शीड नुसते फडफडते, ऊन तापते आणि सोबत्याची चमचा वाजवण्याची सवयही असह्य होते.

सुखे मात्र अगदी साधी असतात. पावसाची सर आली की गोड्या पाण्याची आंघोळ. पाळी संपल्यावर हातात गरम चहाचा पेला. दक्षिणेच्या समुद्रात पंख न हलवता नौकेमागून तासन्‌तास येणारा अल्बट्रॉस. वाढदिवसाला, असेल त्या सामानातून, कोणीतरी काहीतरी गोड करते, आणि ते बिघडले तरी पुरवून खाल्ले जाते.

या चमूला तयार केले ते दिलीप दोंदे यांनी. गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. एकट्या खलाशाला भांडायला कोणी नसते, पण सुकाणू बिघडले तर दुसरा हातही नसतो. ‘तारिणी’चे सुकाणू परतीच्या वाटेवर बिघडले तेव्हा सहा जणींनी नौका मॉरिशसला नेली आणि दुरुस्ती करून पुढचा प्रवास केला.

याच नौकेवरून २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच प्रदक्षिणा पूर्ण केली. चमू दोघांचा असला की गर्दी कमी होते, पण पाळ्या दोघांतच वाटल्या जातात. एक जागी असताना दुसरी बहुधा झोपलेली असते आणि गप्पांची वेळ पाळी बदलताना काढावी लागते.