लाकडी भिंतींवरचा संताप

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावर १९१० साली स्थलांतरितांच्या तपासणीचे ठाणे उघडले. चिनी मजुरांना अमेरिकेची दारे १८८२च्या कायद्यानेच बंद झाली होती. पुढे १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत शहरातली जन्माची दप्तरे जळाली आणि इथेच जन्मल्याचा दावा करणाऱ्या कुणा नागरिकाचा मुलगा म्हणून कागदोपत्री नाते दाखवून शिरायची एक वाट निघाली. ती अडवायला चौकशी कसून होई. गावच्या घराला पायऱ्या किती, तांदूळ कुठल्या कोपऱ्यात साठवता, शेजारी कोण? बापलेकांची उत्तरे जुळली नाहीत, की परतीची बोट. सख्खा मुलगाही यात गोंधळून जाई. निकालाला आठवडे लागत, कधी महिने, क्वचित दोन वर्षांच्या आसपास.

तोवर बराकीच्या भिंती कवितांनी भरत गेल्या. काही शाईने लिहिल्या, काही लाकडात कोरल्या. अधिकारी लांबी भरून रंग मारत, त्यावर लोक पुन्हा लिहीत. लिहिणारे बहुतेक ग्वांगदोंगच्या खेड्यांतले, पण जुनी वृत्ते त्यांच्या अंगवळणी पडलेली. नाव फारच थोड्यांनी घातले.

या कवितांना सरसकट विलाप म्हणतात, ते मला मान्य नाही. घरची आठवण, कर्ज काढून केलेला प्रवास, म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी हे सारे त्यांत आहेच. पण संताप त्याहून ठळक आहे. आपला देश दुबळा म्हणून आपली ही गत, हे त्यांना पक्के कळले होते. सूड घेण्याची भाषाही तिथे उघड येते. सू वू हा हान दरबाराचा दूत शियोंग्नू टोळ्यांच्या कैदेत एकोणीस वर्षे राहिला आणि तरी वाकला नाही. बेटावर कोंडलेला माणूस कवितेत त्याचे नाव घेतो, तेव्हा तो रडत नसतो, स्वतःची पायरी ठरवत असतो. एकाच्या कवितेला दुसऱ्याने भिंतीवरच उत्तर दिले, असेही घडले.

१९४०च्या आगीनंतर ठाणे बंद पडले; १८८२चा तो कायदा १९४३मध्ये रद्द झाला. रिकाम्या इमारती पाडायच्या बेतात असताना १९७०मध्ये अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाला ही अक्षरे दिसली. हिम मार्क लाय, जेनी लिम आणि जुडी यंग यांनी ‘आयलंड’ हा संग्रह १९८०मध्ये काढला. या बेटावरून आलेल्यांचीच ही तिघे मुले. स्त्रियांना ठेवलेली इमारत मात्र १९४०च्या आगीतच गेली. त्यांनी भिंतींवर लिहिलेले काहीच हाती लागले नाही.