हरार ते खडकी: मलिक अंबरच्या मुलखात

जालना एमआयडीसीतून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की सळ्यांनी भरलेले ट्रक बराच वेळ सोबतीला असतात. भट्ट्यांची धुराडी मागे पडतात आणि बदनापूर येतं. याच तालुक्यातल्या रोषणगावजवळ १६१६ च्या फेब्रुवारीत मोगल आणि निजामशाही फौजांची मोठी लढाई झाली. मोगलांकडून अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा शाहनवाजखान, समोर मलिक अंबर. अंबरचे काही सरदार आधीच फुटून मोगलांना मिळाले होते. तो हरला आणि मोगलांनी पुढे जाऊन त्याने वसवलेली खडकी जाळली. हीच खडकी पुढे औरंगाबाद झाली.

अंबर मूळचा इथिओपियाचा, तेव्हाच्या भाषेत हबसाणचा. जन्म १५४८ च्या सुमाराचा. काही चरित्रकार त्याचं गाव हरार सांगतात, तर रिचर्ड ईटन यांच्यासारखे अभ्यासक दक्षिणेकडच्या कंबाटा प्रदेशाकडे बोट दाखवतात. लहानपणी गुलाम म्हणून विकलं गेलेलं हे पोर येमेनच्या मोखा बंदरातून बगदादला पोचलं. तिथे मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीजखानाने त्याला विकत घेतलं. हा चंगीजखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम. धनी गेल्यावर अंबर मोकळा झाला, हळूहळू आपली फौज उभी केली आणि १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडल्यावर परंड्याला दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून त्याने बुडती निजामशाही सावरली. मराठा घोडेस्वारांना हाताशी धरून तो पंचवीसएक वर्षं मोगलांशी झुंजला. जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता, की अंबरच्या मुंडक्याला बाण मारतानाचं स्वतःचं चित्र त्याने काढवून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

म्हणून मला वाटतं, आफ्रिकेतल्या प्राचीन देशाची सहल करायची असेल तर आपण मराठवाड्याच्या लोकांनी इथिओपियाच निवडावा. तिथली शहरं आपल्याला परकी नाहीत.

सुरुवात हरारपासून करावी. पूर्वेकडच्या डोंगरावरचं हे गाव जुगोल नावाच्या तटाच्या आत वसलेलं आहे. हा तट सोळाव्या शतकात अमीर नूर इब्न मुजाहिदने बांधला, म्हणजे अंबर लहान होता तेव्हाचंच हे बांधकाम. आत बोळांचं जाळं, ८२ मशिदी आणि शंभरावर दर्गे. २००६ मध्ये युनेस्कोने हे शहर जागतिक वारशात घेतलं. हरारी घरात शिरलं की समोर बैठकीच्या खोलीत उंचसखल चौथरे दिसतात. कोणी कुठे बसायचं हे वयाने आणि मानाने ठरलेलं असतं. भिंतीवर रंगीत विणलेल्या टोपल्या आणि ताटल्या ओळीने टांगलेल्या असतात. संध्याकाळी तटाबाहेर तरसांना मांस भरवतात, आणि ही जनावरं माणसाच्या हातून घास घेतात. फ्रेंच कवी रिम्बो १८८० च्या दशकात इथे कॉफीचा आणि हत्यारांचा व्यापार करत होता. आज ‘रिम्बोचं घर’ म्हणून दाखवतात तो लाकडी नक्षीचा वाडा मात्र एका भारतीय व्यापाऱ्याने बांधलेला आहे. म्हणजे आपल्याकडून तिकडेही माणसं जात होती.

उत्तरेला लालिबेला. इथे अकरा चर्च एकसंध खडकातून कोरून काढलेली आहेत. बाराव्या-तेराव्या शतकात राजा लालिबेलाच्या काळात हे काम झालं, असं तिथली परंपरा सांगते. बेते गियोर्गिस हे क्रुसाच्या आकाराचं चर्च जवळपास १२ मीटर खोल खड्ड्यात उभं आहे. जवळ जाईपर्यंत ते दिसतच नाही. आधी छतावरचा क्रूस दिसतो, मग कारागिरांनी कापलेल्या अरुंद घळीतून खाली उतरावं लागतं. वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला हे तंत्र लगेच उमगतं: आधी शिखर, शेवटी पाया, आणि एक छिन्नी चुकली तर दुरुस्ती नाही. कैलास आठव्या शतकातलं, म्हणजे त्याहून चारशे वर्षं जुनं. ७ जानेवारीच्या तिथल्या नाताळाला पांढरी वस्त्रं पांघरलेले यात्रेकरू लांबलांबून पायी येतात.

अक्सुम त्याहून पुरातन. चौथ्या शतकात राजा एझानाने इथेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथल्या अखंड दगडी स्तंभांपैकी एक १९३७ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने रोमला नेला. तो २००५ मध्ये परत आला आणि २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला. याच भागातल्या देब्रे दामो मठात शंभरावर कुशाण सोन्याची नाणी सापडली होती. समुद्रापलीकडचा भारताचा व्यापार किती जुना, याचा हा पुरावा. गोंदर हे त्या मानाने अलीकडचं, सम्राट फासिलिदेसने १६३६ मध्ये वसवलेलं. तिथल्या किल्ल्यांची चुनेगच्ची पाहताना गोवा आठवावा. त्याच्या थोडं आधीच्या काळात इथिओपियात गेलेले जेझुइट गोव्यामार्फत येत, आणि चुना भाजायचा दगड तिथे एका भारतातून आलेल्या माणसाने शोधून दिला, अशी त्यांचीच नोंद आहे.

जेवायला इंजेरा मिळतो. टेफ नावाच्या बारीक धान्याचं आंबवलेलं पीठ तव्यावर पसरून केलेली ही मोठी आंबोळीच. वर डाळी, भाज्या, मांस घालतात आणि ताटाभोवती बसून सगळे त्यातच हात घालतात. कडक उपासाच्या दिवसांत मांस आणि दूध वर्ज्य असल्याने शाकाहारी माणसाची तिथे अडचण होत नाही.

निघण्याआधी एक रविवार घरच्या इतिहासाला द्यावा. संभाजीनगरचा भडकल दरवाजा अंबरनेच १६१२ मध्ये उभारला. डोंगरातलं पाणी बोगद्यातून आणि मातीच्या नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. मराठवाड्याच्या कोरड्या भूमीला आणि आपल्या रिकाम्या नळांना त्याचं हे सर्वात मोठं देणं, असं मी मानतो. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

मुंबईहून आदिस अबाबाला इथिओपियन एअरलाइन्सचं थेट विमान आहे. पुढे दिरे दावापर्यंत देशांतर्गत विमानाने जाऊन हरार रस्त्याने गाठता येतं. लालिबेला, गोंदर आणि अक्सुम ज्या अम्हारा आणि तिग्राय प्रांतांत आहेत, तिथे गेल्या काही वर्षांत लढाया झाल्या आहेत. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना बघितल्याशिवाय तिकडची तिकिटं काढू नयेत. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. ते पिवळं कार्ड नसेल तर परत येताना भारतात विलगीकरणात ठेवतात.