थर्मोस्टॅट काढून टाकायचा नसतो

गाडी तापायला लागली की गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला: "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकू. तो थंड देशांतल्या गाड्यांना लागतो, आपल्या हवेत त्याचं काय काम?" मेकॅनिक हे बहुतेक वेळा मनापासून सांगत असतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असेल, तर तो काढल्यावर गाडी काही दिवस बरी चालतेही. म्हणूनच हा गैरसमज इतका चिवट आहे.

वस्तुस्थिती अशी की बाहेरच्या हवेशी या भागाचं फारसं देणंघेणं नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. इंजिनाला मात्र नीट चालायला साधारण ९० अंश लागतात. ते लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट सुरुवातीला रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरू देतो. त्याच्या पोटातल्या धातूच्या छोट्या डबीत मेण असतं. कूलंट ठरलेल्या तापमानाला, बऱ्याच गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांना पोचलं की ते मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडायला लागते. कूलंट निवलं की स्प्रिंग झडप मिटवते. साध्या थर्मोस्टॅटला ना वायर लागते, ना फ्यूज.

तो काढला की इंजिन बराच वेळ थंडच राहतं. पेट्रोल गाडीचा कॉम्प्युटर त्या काळात जास्त पेट्रोल सोडतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज पडतं. न जळलेलं पेट्रोल आणि वाफ ऑइलमध्ये उतरतात, आणि ऑइल पुरेसं तापत नसल्यानं तिथेच राहतात. सिलिंडर आणि रिंगांची झीज वाढते ती अशी.

याहून गंभीर गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खाली दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तेव्हा ही चकती कूलंटला थेट इंजिनात परत नेणारी बायपासची वाट बुजवते, म्हणून कूलंट रेडिएटरमधूनच जातं. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायमचा उघडा! मग गरम कूलंटचा मोठा हिस्सा रेडिएटरला न जाता परत इंजिनात येतो आणि खंबाटकी घाटाच्या चढाला गाडी आधीपेक्षा जास्त तापते. त्यावर गॅरेजमधलं उत्तर असतं, "पाणी फार जोरात फिरतं, त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही." हेही चूक. प्रवाह वाढला म्हणून रेडिएटर कमी उष्णता बाहेर टाकत नाही. दोष त्या उघड्या वाटेचा असतो.

दुसरा गैरसमज: थर्मोस्टॅट बिघडला म्हणजे गाडी तापणारच. प्रत्यक्षात तो उघडा अडकला तर उलटं होतं. तापमानाचा काटा मध्यापर्यंत चढतच नाही. शहरातल्या गर्दीत थोडा वर येतो आणि हायवेला वारा लागला की खाली घसरतो. हीटर कोमट हवा देतो. काटा नसलेल्या गाड्यांत इंजिन थंड असल्याचा निळा दिवा विझायला फार वेळ लागतो. स्कॅनर लावला तर बहुधा पी०१२८ हा कोड मिळतो. याउलट गाडी सिग्नलला तापत असेल आणि हायवेला सुधारत असेल, तर आधी रेडिएटरचा पंखा बघा.

बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटमुळे काटा काही मिनिटांत लालवर जातो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि इंजिनावर गार पाणी ओतू नका. तशीच गाडी रेटली तर हेड गॅस्केट जातं, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि स्वस्तातल्या एका भागापायी इंजिन उघडायची वेळ येते.

वॉटर पंप बंद पडला तरी लक्षणं अशीच दिसतात, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. इंजिन पूर्ण गार झाल्यावर थर्मोस्टॅट काढा. मिटलेल्या झडपेत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही असा लोंबता ठेवा. सोबत थर्मामीटर सोडा आणि पाणी तापवा. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप दोरा सोडते आणि थर्मोस्टॅट पाण्यात पडतो. पाणी उकळलं तरी तो लोंबतच राहिला, किंवा गार असतानाच झडपेत फट दिसली, तर तो बाद. त्याची दुरुस्ती होत नाही, नवाच घ्यावा लागतो. कमी अंशांचा बसवून तापणारी गाडी गार होईल, ही आशा सोडा. झडप पूर्ण उघडल्यावर पुढचं काम रेडिएटरचं असतं.

नवा बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला आणि हवा सुटायचं बारीक भोक वर येऊ द्या. जुनं गॅस्केट खरवडून नवं लावा. कूलंट भरल्यावर सिस्टीममधली हवा काढा; ती राहिली तर नवा थर्मोस्टॅटही वेळेवर उघडत नाही. जुन्यावर पांढरे क्षार साचलेले दिसले, तर कुणीतरी बोअरचं पाणी भरलेलं असण्याची दाट शक्यता आहे. मग आधी रेडिएटर धुऊन घ्या आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा, नाहीतर नवाही त्याच क्षारांनी अडकेल.