महापौरांचा अखत्यार : समज आणि कायदा

पावसाळ्यात मुंबईचा एखादा रस्ता खचला की ‘महापौर करतात काय?’ हा सवाल सुशिक्षित माणसेही ज्या ठामपणे टाकतात, तो ठामपणा ऐकून आता खरोखर वीट आला आहे. कारण महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री, ही जी समजूत त्याच्या मुळाशी आहे, तिला कायद्यात तिळमात्र आधार नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६४ अन्वये अंमलबजावणीचा संपूर्ण अधिकार आयुक्ताच्या ठायी निहित आहे, आणि आयुक्त नेमते ते राज्य सरकार. महापौराकडे उरते ते सभेचे अध्यक्षस्थान, मते समसमान पडल्यास एक निर्णायक मत, आणि प्रथम नागरिकाचा मान. तक्रारीचा अर्ज घेऊन कोणी त्यांच्या दालनात गेला, तर समासात ‘आयुक्त, योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडतो व कागद पुढे सरकतो. त्या शेऱ्यात विनंती असते, हुकूम नसतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून महापौरपदही रिकामे झाले, तरी आयुक्तच प्रशासक होऊन वर्षानुवर्षे अंदाजपत्रके मंजूर करीत राहिले; याहून बोलका पुरावा कोणता हवा?

ही रचना म्हणजे निव्वळ इंग्रजांचे कारस्थान, असेही सर्रास ऐकू येते. परंतु आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीवर शहर खवळले असता, १८७१ साली, कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा आणि त्यावर लोकनियुक्त सभेचा अंकुश असावा, असे प्रतिपादन केले ते फिरोजशहा मेहतांनी. तो अंकुश आजही कायद्यात आहे : एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांशांनी ठराव केल्यास आयुक्ताला हटवणे सरकारला भाग आहे. मात्र तशीच तरतूद लागू असलेल्या नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव होऊनही आयुक्तांची बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये.

आता किरकोळ गैरसमज. महापौराला जनता निवडते? नाही, नगरसेवक निवडतात. थेट निवड होते ती नगरपरिषदेच्या नगराध्यक्षाची. मुदत पाच वर्षांची? नाही, अडीच वर्षांची, आणि पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे सोडतीने ठरते. ७४ व्या घटनादुरुस्तीने महापौर सबळ झाला? नाही, तो विषय तिने राज्यांच्या मर्जीवर सोडला. भारतात महापौर सर्वत्र असाच? तेही नाही; कोलकात्यात महापौर आपल्या परिषदेसह प्रत्यक्ष कारभार पाहतो.

मुंबईतही १९९८ साली ‘मेयर-इन-कौन्सिल’ आली आणि वर्षभरातच गुंडाळली गेली. अधिकार वाढवायचे तर ते एका व्यक्तीच्या हाती न देता सभागृहाला जाब देणाऱ्या अशा मंडळाच्या हाती द्यावेत, हे माझे मत. पण त्यासाठी कायदा बदलावा लागेल तो विधिमंडळात, आणि आयुक्ताच्या नेमणुकीतून शहरावर चालणारी मंत्रालयाची हुकमत आपण होऊन सोडायला आजवर कोणताच पक्ष उत्सुक दिसलेला नाही.