हौदातलं शेवाळ, पाकिटातलं शेवाळ

बोरी अरब गावाकडच्या गोठ्यामागे ताडपत्रीच्या खड्ड्यात पाण्यावर हिरवी साय दिसली, की कुणीतरी सांगतंच, ‘हे शेवाळ चारा, ढोरं आजारी पडत नाहीत.’ मुळात ते शेवाळ नाहीच. अझोला हे तरंगणारं नेचं आहे. गंमत अशी, की त्याच्या पानाच्या पोकळीत ॲनाबिना नावाचं नीलहरित शेवाळ बिऱ्हाड करून राहतं आणि हवेतला नत्र धरतं. वाळलेल्या अझोल्यात 20 ते 25 टक्के प्रथिनं असतात. पण ताज्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच. ढेपेचा थोडा खर्च वाचेल, एवढंच.

प्रतिकारशक्तीचा दावा खरं तर पाकिटात पावडर म्हणून मिळणाऱ्या स्पिरुलिना या नीलहरित शेवाळाचा, आणि तो अगदीच पोकळ नाही. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात कोंबड्यांच्या खाद्यात किलोमागे 10 ग्रॅमपर्यंत स्पिरुलिना मिसळली होती. त्यांच्या भक्षक पेशींपुढे मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी ठेवल्या, तर त्यांनी त्या जास्त संख्येनं गिळल्या. पण कोंबडीला रवंथ नाही. गायीच्या कोठीपोटातले जंतू खाल्लेलं आधी स्वतः फोडतात, म्हणून कोंबडीचा हिशेब गोठ्यात तसाच लागू होत नाही.

‘पावडर चालू आहे, मग लस कशाला?’ हा गैरसमज मात्र जनावराच्या जिवावर येतो. पेशी तरतरीत होणं वेगळं आणि घटसर्पाचा जंतू नेमका ओळखणं वेगळं. ती ओळख लसच करून देते. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची सुई चुकवून पावडरीवर पैसे घालणं मला तरी उफराटं वाटतं.

कपाशीवर मारायच्या समुद्री शेवाळ अर्काची बाटलीही ढेपेत ओतू नये. ती पिकासाठी बनवलेली असते. आत आणखी काय मिसळलंय ते जनावराच्या पोटाचा विचार करून ठरवलेलं नसतं.

उलट, ‘पाण्यातलं हिरवं म्हणजे विषच’ हेही खरं नाही. विष मायक्रोसिस्टिससारख्या काही नीलहरित जातींत असतं. ते यकृतावर घाव घालतं आणि पाणी उकळूनही जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं असं पाणी पिऊन जनावरं मेल्याची नोंद 1878 मधली आहे. उन्हाळ्यात पाणी साचलं, की हौदात काडी फिरवून पाहावी. लांब धागे काडीला गुंडाळून आले तर ते बहुधा साधं शेवाळ. काडी हिरव्या रंगात बुडवल्यासारखी माखून निघाली, तर ढोरं दुसरीकडे पाजावीत.