स्वतःला स्वीकारायचं म्हणजे नेमकं काय? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वतःची चूक डोळे उघडे ठेवून पाहायची आणि तरीही स्वतःला झिडकारायचं नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी जमतात यावर आपला फारसा विश्वास नसतो. चूक पाहिली की स्वतःला फटकारायचं, नाहीतर स्वतःची बाजू घेऊन चूक झाकायची, एवढेच दोन मार्ग आपल्या सवयीचे. तिसरा मार्ग आहे आणि तो शिकता येतो. त्याच्या आड येणारे काही समज मात्र आधी बाजूला करायला हवेत.

गैरसमज १ : आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला धारेवर धरणं.

वस्तुस्थिती : वडील तिसऱ्यांदा विचारतात, ‘फोनवरून पैसे कसे पाठवायचे रे?’ मुलगा खेकसतो. ‘बरं, राहू दे,’ म्हणून वडील आत निघून जातात. रात्री मुलाला झोप लागत नाही. ‘मी असा कसा? मी मुलगा म्हणून नालायकच,’ हे तो पहाटेपर्यंत उगाळत बसतो. मन पोळतं, पण हाती काही लागत नाही, कारण या प्रश्नाला उत्तरच नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी अशा उगाळण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यातून उदासी लांबते आणि वाढते, असं त्यांना आढळलं.

आत्मपरीक्षणाचे प्रश्न वेगळे असतात. नेमकं काय झालं? ऑफिसातला राग घरी निघाला. वडिलांवरच का निघाला? ते उलट बोलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं म्हणून. हे दुसरं उत्तर गिळायला कठीण आहे, पण खरं काम तिथेच होतं. तिथून पुढची वाट दिसते. सकाळी चहाच्या वेळी म्हणता येतं, ‘बाबा, काल चुकलं माझं. द्या तो फोन, दाखवतो.’

गैरसमज २ : स्वतःला आहे तसं स्वीकारलं की माणूस सुधारणं सोडून देतो.

वस्तुस्थिती : ही भीती आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. मुलांना वळण लावतानाही आपण हेच धरून चालतो की टोचणी गेली तर प्रगती थांबेल. अमेरिकेतल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये हे तपासलं. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दज्ञानाची अवघड चाचणी दिली. नंतर काहींना सांगितलं की असं अनेकांचं होतं, स्वतःशी फार कठोर होऊ नका. दुसऱ्या काहींची हुशारीबद्दल पाठ थोपटली. पुढच्या चाचणीसाठी पहिल्या गटाने जास्त वेळ अभ्यास केला. कारण समजण्यासारखं आहे. चूक कबूल केल्यावर स्वतःचं मोल कमी होणार नसेल, तर ती लपवण्यात शक्ती खर्च होत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात हेच अनुभवातून मांडलं होतं : माणूस स्वतःला आहे तसा मान्य करतो, तेव्हाच तो बदलू लागतो.

गैरसमज ३ : स्वीकार म्हणजे स्वतःबद्दल छान वाटणं.

वस्तुस्थिती : १९८६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कृतिदल नेमलं होतं. आत्मसन्मान वाढला की गुन्हेगारीपासून शाळेतल्या अपयशापर्यंत बरंच काही सुटेल, अशी आशा होती. २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. नुसता आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यासातली कामगिरी सुधारते, याला आधार मिळाला नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा आक्षेप आणखी मुळाशी जाणारा होता. यश मिळालं की मी मोठा, अपयश आलं की मी क्षुद्र, हा सगळा हिशोबच त्यांना घातक वाटे. कृतीला गुण द्या, हवं तर शून्य द्या, पण अख्ख्या माणसाला गुण देऊ नका, असं त्यांचं सांगणं. यालाच ते बिनशर्त आत्मस्वीकार म्हणत. तो दिवस चांगला गेल्यावर अवलंबून नसतो. वाईट दिवशीही तो टिकतो.

गैरसमज ४ : स्वतःकडे पाहताना त्रास होतोय, म्हणजे काहीतरी चुकतंय.

वस्तुस्थिती : स्वतःसोबत बसणं मुळातच जड जातं. टिमोथी विल्सन यांच्या २०१४ मधल्या एका प्रयोगात माणसांना १५ मिनिटं एकट्याने, फक्त विचारांसोबत बसवलं. जवळ विजेचा सौम्य झटका देणारं बटण होतं. हा झटका टाळण्यासाठी पैसे मोजू, असं आधी म्हणणाऱ्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ते बटण दाबलं.

जेम्स पेनिबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं मनातल्या सर्वांत दुखऱ्या घटनेबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या अनेकांना अधिकच वाईट वाटलं. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा जावं लागलं. पुढच्या अनेक अभ्यासांत हा फायदा लहान दिसला आणि सगळ्यांना सारखा झाला नाही. तरी एक गोष्ट उरते : सुरुवातीचा त्रास म्हणजे इजा नव्हे.

गैरसमज ५ : डोक्याला पटलं की काम झालं.

वस्तुस्थिती : एकोणीस वर्षांचे एलिस कमालीचे लाजाळू होते. मुलींशी बोलायच्या कल्पनेनेच घाबरत. त्यांनी स्वतःला एक महिन्याचं काम लावून घेतलं. न्यू यॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. शंभरेक जणींशी ते बोलले. एकीनेच भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण जे आकाश कोसळेल अशी भीती होती, ते कोसळलं नाही. नकार मिळूनही आपण शाबूत राहतो, हे त्यांना करून पाहिल्यावर कळलं. पुढे १९५५ मध्ये त्यांनी मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अशा गृहपाठाला मोठं स्थान मिळालं. डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’मुळे हा माणूस अनेक मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला आहे.

गैरसमज ६ : ही सगळी परदेशी खुळं.

वस्तुस्थिती : तुकोबांनी आपल्या अभंगांत व्यापार बुडाल्याचं सांगितलं, दुष्काळात बायको अन्नावाचून गेल्याचं सांगितलं, त्याची वाटलेली लाजही सांगितली. मनाची चंचलता आणि स्वतःच्या उणिवा त्यांनी चारचौघांत मांडल्या. पंढरीच्या वाटेवर आजही ते गायलं जातं. स्वतःकडे रोखून पाहण्याची रीत आपल्या घरातलीच आहे.

मर्यादाही सांगायला हवी. जुना आघात, आठवडे न हटणारी उदासी किंवा जगू नये असं वाटणं असेल, तर हे एकट्याने करायचं काम नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

बाकी आपण सर्वांनी सुरुवात छोट्या प्रसंगापासून करावी. काय घडलं ते कागदावर लिहावं. ‘मी असाच आहे’ असं वाक्य उतरलं की ते खोडून ‘मी असं केलं’ लिहावं. मग ज्याच्याशी तसं वागलो, त्याच्याकडे जावं. स्वतःचा धिक्कार करणाऱ्याला तोंड लपवावंसं वाटतं. स्वतःला स्वीकारलेल्या माणसालाच समोर जाऊन माफी मागता येते.