आम्लधर्मी सरोवरातील उपासमार

कोळसा जाळताना किंवा गंधकयुक्त खनिजे भाजताना निघणारा सल्फर डायऑक्साइड पावसाबरोबर आम्लरूपाने जमिनीवर उतरतो आणि ज्या सरोवरांच्या परिसरात आम्ल शमवणारा चुनखडक नसतो, तेथील पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते. या प्रक्रियेत सरोवरातील जीवसृष्टीचे नेमके काय होते, हे पाहण्यासाठी डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, प्रयोगांसाठीच राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी ‘सरोवर २२३’ मध्ये 1976 पासून सल्फ्युरिक आम्ल मिसळले. 1983 पर्यंत त्याचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक, 6.8 वरून 5.0 वर आला. हा अंक एकाने घटला की आम्लता दसपटीने वाढते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा बदल केवढा मोठा होता, ते कळते.

तरीही सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे एकूण उत्पादन घटले नाही आणि मृत अवशेष कुजवण्याचा जिवाणूंचा वेगही मंदावला नाही. तळाच्या प्राणवायूविरहित गाळातील काही जिवाणू तर श्वसनासाठी प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि त्या क्रियेत आम्ल खर्ची पडते. त्यामुळे ओतलेल्या आम्लाचा बराच मोठा भाग सरोवराने स्वतःच शमवला. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंचे काम मात्र सामू साडेपाचच्या आसपास येताच थांबले.

खरी पडझड झाली ती अन्नजाळ्याच्या मधल्या कड्यांत. मायसिस हा कोळंबीसारखा चिमुकला जीव आणि फॅटहेड मिनो हा लहान मासा सामू सहाच्या थोडा खाली जाताच संपुष्टात येऊ लागले, आणि त्यांच्यावर पोसले जाणारे लेक ट्राउट हे मोठे मासे, पाण्यातील आम्लाने थेट मरण्याच्या कितीतरी आधी, अन्नावाचून खंगले. किनाऱ्यालगत तंतुमय शैवालाचे दाट थर माजले होते, पण हे विपुल अन्न ट्राउटपर्यंत पोहोचवणारे जीवच उरले नव्हते.

एकूण उत्पादनाच्या आकड्यांवरून सरोवराची प्रकृती ठरवणे म्हणूनच फसवे ठरते, आणि प्रौढ मासे जिवंत दिसतात एवढ्यावर विसंबणे तर त्याहूनही धोक्याचे; धोक्याची पहिली सूचना मिळते ती लहान कवचधारी जीवांच्या घटत्या संख्येतून.